मीपणावर संमोहनाचा उतारा

आपमतलबी माणसाला उपदेश करून काही उपयोग होत नाही, हा घराघरातला अनुभव आहे. या अनुभवाच्या आधाराने एक मत अलीकडे चांगलेच रूढ झाले आहे. ते असे : स्वार्थी वागणे माणसाच्या हातात नसते, ते त्याच्या अंतर्मनात रुतलेले असते; जागेपणी केलेली कानउघाडणी तिथवर पोहोचत नाही; म्हणून संमोहनाने अंतर्मनाचे दार उघडावे आणि आत सहृदयतेची सूचना पेरावी. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आणि झोपताना ऐकायच्या ध्वनिफितींतून हे मत फिरते. जोसेफ मर्फी यांच्या १९६३ सालच्या अंतर्मनाच्या शक्तीवरील पुस्तकाने त्याची भाषा मराठी वाचकाच्याही ओळखीची करून ठेवली आहे. परीक्षेची भीती, वाढते वजन, सिगारेट यांच्या पंगतीत आता अहंकारही येऊन बसला आहे.

हे मत मला मान्य नाही. मात्र खंडनाचा आपल्याकडचा जुना शिरस्ता असा, की प्रतिपक्षाने स्वतः मांडले असते त्याहून दुबळे करून त्याचे म्हणणे मांडायचे नाही. म्हणून पूर्वपक्ष आधी नीट ऐकू. त्याचे आधार चार. पहिला, स्वकेंद्रितपणाचे मूळ बालपणीच्या असुरक्षिततेत असते. लहानपणी ज्याला प्रेम पुरले नाही तो मोठेपणी सगळे स्वतःकडे ओढतो. दुसरा, जागे मन स्वतःची बाजू मांडण्यात पटाईत असते. संमोहनात हा वकील गप्प बसतो. तिसरा, पहारा सैल झाल्यावर आत गेलेली सूचना पुढे आपोआप काम करते, माणसाला रोज उठून निश्चय करावा लागत नाही. चौथा, संमोहन ही थाप नाही; वेदना आणि व्याधींवर त्याचा उपयोग दिसलेला आहे, आणि एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्याच्या जोरावर माणसांचे चारित्र्यही सुधारून दाखवले होते.

चौथ्या आधाराचा पूर्वार्ध खरा आहे. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे रुग्णांना मोहनिद्रेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी त्यांनी अशा काढल्या, आणि तेव्हा क्लोरोफॉर्म वापरात आलेले नव्हते. आपल्या काळात मँचेस्टरचे पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आतड्याच्या चिवट तक्रारींवर संमोहनाचा गुण येतो हे दाखवले. औषधांना वर्षभर दाद न देणाऱ्या अशा रुग्णांसाठी संमोहनोपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. हे सगळे मान्य करूनच पुढे जायचे आहे.

पण या यशांत एक गोष्ट समान आहे. दुखणे ज्याचे, तक्रार त्याची. आणि बरे वाटले की नाही याचा निवाडाही त्याचाच. पोटात कळ येत नाही असे रुग्ण म्हणाला की उपचार फळला, त्याच्या वर अपील नाही. स्वकेंद्रितपणाचा हिशेब नेमका उलटा आहे. तो ज्याच्या अंगी आहे त्याला काहीच दुखत नाही. दुखते ते बायकोला, धाकट्या भावाला, हाताखाली काम करणाऱ्याला. म्हणून या तक्रारीसाठी माणूस स्वतःच्या पायाने फारसा येत नाही. त्याला आणले जाते. रुग्ण एक आणि पीडित दुसराच, असा हा प्रकार आहे. एकाच्या आत काय वाटते ते बदलणारे साधन इथे कितपत पुरेल, हा खरा प्रश्न आहे. तो मनात ठेवून उरलेले आधार तपासू.

आधी तिसरा : बाहेरून घातलेली सूचना आत जाऊन आपोआप काम करते. हे म्हणणे संमोहनाच्या इतिहासात सर्वांत जुने आहे आणि सर्वांत आधी कोसळलेले आहे. फ्रान्झ मेस्मर १७७८ मध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आले. आपल्या हातातून एक अदृश्य प्राणिज चुंबकीय प्रवाह रुग्णात जातो आणि तो त्याला बरा करतो, असा त्यांचा दावा होता. सोळाव्या लुईने १७८४ साली चौकशीसाठी आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉजिए त्यात होते. फ्रँकलिन यांच्या बागेतले एक झाड ‘भारित’ करण्यात आले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेण्यात आले. भारित झाडापर्यंत पोहोचण्याआधीच, भलत्याच झाडाखाली तो बेशुद्ध पडला. प्रवाह नाही, आहे ती कल्पना, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

आयोग तिथे थांबला. पुढचे पाऊल टाकले ते एका गोमंतकीयाने. जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच आबे फारिया, १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मले. पॅरिसमध्ये १८१३ पासून ते जाहीर प्रयोग करू लागले. हातवारे नाहीत, चुंबक नाही. समोरच्याला खुर्चीत बसवायचे, लक्ष एकाग्र करायला सांगायचे आणि ‘झोपा’ असा हुकूम द्यायचा. त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. त्यातला सिद्धान्त असा, की संमोहकाकडून काहीही जात नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या एकाग्रतेतून आणि त्याच्या स्वतःच्या मनातून घडते. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. कोसळत्या स्त्रीवर दोन्ही हात रोखून ते उभे आहेत. पाहणाऱ्याला वाटावे, शक्ती त्या हातांतूनच निघते आहे. फारियांनी आपल्या ग्रंथात जे नाकारले तेच त्यांच्या पुतळ्याने लोकांच्या मनात ठसवले.

संमोहनाने सहृदयता पेरता येते असे म्हणणारे आजही त्या पुतळ्याचे ऐकतात, फारियांचे ऐकत नाहीत. संमोहकाकडून काही जात नसेल, तर समोरच्याजवळ जे नाही ते तो देऊ शकत नाही. वेदना विसरण्याची इच्छा रुग्णाजवळ भरपूर असते, म्हणून तिथे सूचनेला धरायला जागा मिळते. दुसऱ्यासाठी स्वतःची सोय सोडण्याची इच्छाच नसेल तर सूचना धरणार कशाला? आणि ती इच्छा असेल, तर झोपेची गरज काय?

दुसरा आधार, म्हणजे जाग्या मनाचा वकील गप्प बसतो हा, त्याहून चिवट आहे. संमोहित माणूस स्वतःचा उरत नाही ही समजूत कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी पोसली आहे. ती एकदा थेट न्यायालयात तपासली गेली. पॅरिसमध्ये १८८९ साली गूफे नावाच्या न्यायालयीन बेलिफाचा खून झाला. आरोपी गाब्रिएल बोंपार हिच्या वतीने असे मांडण्यात आले, की साथीदार एरो याने तिला संमोहित करून हे करवले. सूचनेच्या शक्तीवर भर देणाऱ्या नान्सी शहरातल्या संमोहनतज्ज्ञांच्या संप्रदायाने या बचावाला शास्त्राचा टेकू दिला, पॅरिसच्या वैद्यांनी विरोध केला. डिसेंबर १८९० मध्ये न्यायालयाने बचाव फेटाळला. एरोला गिलोटिन मिळाले, तिला वीस वर्षांची सक्तमजुरी.

न्यायालयाचा निकाल म्हणजे शास्त्राचा निकाल नव्हे, हे खरे. पण मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याच दिशेला जातो. संमोहित व्यक्तींना विषारी साप उचलायला, ॲसिडमध्ये हात घालायला आणि ते ॲसिड प्रयोगकर्त्याच्या तोंडावर फेकायला सांगण्यात आले. इजा होणार नाही अशी व्यवस्था अर्थात गुपचूप केलेली होती. बहुतेकांनी सांगितले तसे केले. इथवर वाचून पूर्वपक्षी खूश होईल. पण संमोहित झाल्याचे केवळ सोंग करणाऱ्या दुसऱ्या गटानेही तेच केले. विचारल्यावर कळले, की हा प्रयोग आहे, इथे कोणाला खरी इजा होऊ देणार नाहीत, असा विश्वास त्यांना होता. म्हणजे हुकूम पाळला गेला तो प्रसंगाच्या दबावाने आणि सांगणाऱ्यावरच्या भरवशाने. निद्रेने त्यात काही विशेष भर घातल्याचे दिसले नाही. वकील गप्प बसला नव्हता, त्याने परिस्थिती पाहून संमती दिली होती. स्वकेंद्रित माणसाचा वकील तर सोयीचे तेवढेच ऐकण्यात मुरलेला असतो. दवाखान्यातल्या आरामखुर्चीत तो सगळे कबूल करील, कारण तिथे कबूल करायला काही पडत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. संमोहित होण्याची क्षमता सगळ्यांत सारखी नसते. स्टॅनफर्डमध्ये आंद्रे वाइत्सेनहॉफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी १९५९ साली ती मोजण्याची बारा कसोट्यांची श्रेणी तयार केली. जुन्या ५० विद्यार्थ्यांना २५ वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा त्यांची क्षमता बरीचशी पूर्वीइतकीच आढळली; हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही क्षमता माणसाच्या बऱ्यावाईट स्वभावानुसार वाटलेली नाही. मग संमोहन हाच मीपणावरचा उतारा मानायचा, तर सुधारणेचा अधिकार जन्मजात कल्पनाप्रवण लोकांपुरता उरतो आणि बाकीच्यांनी स्वार्थीच राहायचे. नीतीचा असा कोणताही विचार टिकत नाही.

आता चारित्र्य सुधारल्याच्या त्या फ्रेंच दाखल्यांकडे वळू, कारण पूर्वपक्षाचे खरे बळ तिथे आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८८४ साली ऑग्युस्त व्हॉइसँ यांनी चोरी, हिंसा आणि बदफैली यांसाठी कुख्यात असलेल्या एका तरुणीवर वारंवार संमोहनाचे उपचार केले. ती सुधारली आणि पुढे पॅरिसच्याच एका रुग्णालयात परिचारिका झाली. एदगार बेरियों यांनी १८८६ मध्ये संमोहनाला वाहिलेले नियतकालिक काढले आणि खोटे बोलणारी, चोरणारी, नखे खाणारी, आळशी मुले संमोहनाने सुधारण्याची मोहीमच उघडली. वाकडी हाडे सरळ करावीत तसे वाकडे वळण सरळ करायचे, ही त्यांची कल्पना.

या दाखल्यांत खोटेपणा होता असे मी म्हणत नाही. मी विचारतो ते एवढेच, की सुधारणेचे श्रेय निद्रेलाच कशावरून? त्याच अवस्थेतल्या, तेवढीच काळजी घेतलेल्या पण न झोपवलेल्या दुसऱ्या तरुणीशी कोणी तुलना केली नव्हती. व्हॉइसँ यांच्या तरुणीच्या आयुष्यात एवढे तर नक्की घडले : जिच्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती तिच्याकडे एका ज्येष्ठ वैद्याने सातत्याने लक्ष दिले, ही सुधारेल असा विश्वास दाखवला, आणि शेवटी तिच्या हाती दुसऱ्यांच्या शुश्रूषेची जबाबदारी आली. यांतले एकेक कारण माणूस बदलायला पुरेसे आहे. बेरियोंच्या मुलांचेही तेच. शिवाय नखे खाणे आणि खोटे बोलणे हे एका जातीचे नाहीत. पहिली हाताची सवय आहे. दुसऱ्यात समोरच्याला फसवण्याचा हिशेब आहे.

हा भेद फार महत्त्वाचा आहे. ठरावीक सवयीलाच जिथे संमोहन सहज आवर घालत नाही, तिथे स्वभावाची काय कथा? सिगारेट सोडवण्यासाठी संमोहन इतर उपायांपेक्षा सरस ठरते असा स्पष्ट पुरावा मिळत नाही, असे वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात म्हटले आहे. सिगारेट निदान एक वस्तू आहे. ती ओढू नये, एवढी सुटसुटीत सूचना देता येते. स्वकेंद्रितपणावर सूचना कोणती देणार? ‘तू इतरांचा विचार करशील’ हे वाक्य कानाला गोड आहे, पण त्यात कृती नाही. वहिनीची आज सलग दुसरी रात्रपाळी आहे म्हणून मुलांचे डबे आपण भरायचे; वडिलांना ऐकू कमी येते पण ते कबूल करत नाहीत, म्हणून फोन कानाशी नेऊन सावकाश बोलायचे; सहकाऱ्याने केलेले काम साहेबांसमोर त्याच्याच नावाने सांगायचे. दुसऱ्याचा विचार असा तपशिलांत असतो आणि हे तपशील रोज बदलतात. ते बाहेर, डोळे उघडे ठेवून, विचारून कळतात. डोळे मिटून आत जाणाऱ्याला ते कुठे भेटणार?

राहिला पहिला आधार : स्वार्थाच्या मुळाशी लहानपणची जखम असते. काहींच्या बाबतीत असेलही. पण एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या ७ ते ११ वयाच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा पाठपुरावा केला, त्यात वेगळे चित्र दिसले. त्यांच्या २०१५ सालच्या अहवालानुसार मुलांमधली आत्मप्रौढी वाढण्याशी संबंध होता तो पालकांनी त्यांना इतरांहून श्रेष्ठ मानण्याचा. मायेच्या अभावाशी तो आढळला नाही. मग मूळ शोधायला संमोहनात मागे गेल्यावर हाती काय येणार? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्येच सांगितले होते, की संमोहनाने उजळलेल्या आठवणी अधिक विश्वसनीय ठरत नाहीत. आठवण चुकीची असूनही खात्री मात्र वाढू शकते. आधीच स्वतःत गुंतलेल्या माणसाच्या हाती आपणच कसे बिचारे होतो याची एक नवी, पक्की वाटणारी कहाणी देणे हा उपचार म्हणायचा, की खुराक?

इथे दोन आक्षेप येतील. पहिला : समर्थांचे मनाचे श्लोक म्हणजे तरी काय? २०५ श्लोकांतून मनाला पुन्हा पुन्हा बजावणे ही स्वयंसूचनाच नव्हे का? नव्हे. तिथे मनाला झोपवलेले नाही. त्याला जागे ठेवून बजावले आहे, त्याच्यापुढे कारणे ठेवली आहेत, त्याला उलट प्रश्न विचारले आहेत. ते मोठ्याने, चारचौघांत म्हणायचे आहेत, आणि म्हणणारा तसा वागतो की नाही हे ऐकणारे चारचौघे पाहत असतात. वकिलाला गप्प बसवण्याऐवजी ही परंपरा त्याला वादात हरवू पाहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटिश डॉक्टर जॉन हार्टलंड यांच्या १९६६ च्या पाठ्यपुस्तकातल्या, मनोबल वाढवणाऱ्या प्रसिद्ध सूचनांत रुग्णाचे लक्ष स्वतःवरून उडून हातातल्या कामात लागेल, असा भाग आहे. म्हणजे स्वतःत गुंतून राहणे संमोहनाने कमी करण्याची वाट वैद्यकात होतीच ना? होती, आणि तिथे ती योग्यही आहे. पण तो रुग्ण वेगळा. लोक आपल्याला काय म्हणतील, छातीत धडधडते ते कशाने, या काळजीने जो स्वतःपलीकडे पाहू शकत नाही, त्याचे आत्ममग्न असणे हे त्याचेच दुःख आहे. काळजी उतरली की त्याची नजर आपोआप बाहेर वळते. अशा माणसाला स्वार्थी म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्याला संमोहनाचा आधार मिळत असेल तर त्याने जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तो जरूर घ्यावा. आपला वाद आहे तो दुसऱ्याविषयी, जो निर्धास्त आहे आणि म्हणूनच दुसऱ्याकडे पाहत नाही.

त्याचे काय करायचे? खंडनानंतर मंडनाची जबाबदारी टाळता येत नाही. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आत्मप्रौढी अधिक असलेल्या लोकांना, ते रुग्ण नव्हते, घरगुती हिंसाचार सोसलेल्या स्त्रीचे चित्रण दाखवले. नुसते पाहिले तेव्हा त्यांना फारसे काही वाटले नाही. पण तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, असे सांगितल्यावर त्यांची सहानुभूती इतरांच्या बरोबरीला आली. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात हृदयाच्या ठोक्यांतही फरक दिसला. ना निद्रा, ना अंतर्मनात प्रवेश. एक साधी, जागेपणी केलेली सूचना. म्हणजे सहानुभूतीची क्षमता त्यांच्यात होतीच. ती वापरायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा १९७३ चा प्रयोग याच्या जोडीला ठेवावा. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला निघाले होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. सवडीने निघालेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना खूप घाई असल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के. त्यांतल्या काहींचे भाषण तर वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच होते. अंतर्मन सगळ्यांचे सारखेच धार्मिक संस्कारांत वाढलेले. फरक पाडला तो घड्याळाने.

या दोन प्रयोगांतून मला दिसते ते असे. निर्धास्त माणसाचा स्वार्थ बहुतेक वेळा बाहेरच्या व्यवस्थेवर पोसला जातो. त्याच्या वागण्याची किंमत दुसरे कोणीतरी मुकाट्याने भरत असते, आणि त्याला ती कधी मोजून दाखवली जात नाही. म्हणून उपायही बाहेरचा आहे. मोघम उपदेश सोडून नेमकी मागणी करावी. ‘तुला कोणाची पर्वा नाही’ या वाक्यावर त्याला वाद घालता येतो. ‘गुरुवारी आईला फिजिओथेरपीला तू न्यायचे’ यावर फक्त हो किंवा नाही म्हणता येते. ठरलेले काम त्याने टाळले तर ते दुसऱ्याने गुपचूप उरकू नये. उपदेश फसतो याचा अर्थ जागे मन बहिरे असते असा नाही; उपदेशामागे सहसा हिशेब नसतो, एवढाच आहे.

आणि संमोहनाचा प्रयोग तरीही करायचाच असेल, तर गुण आला की नाही हे कोणाला विचारणार ते आधी ठरवावे. उपचारानंतर ‘मला आता खूप हलके वाटते, मी बदललो’ असे तो माणूस मनापासून म्हणेल, कारण काय वाटते ते बदलणे हेच संमोहनाचे काम आहे. वेदनेच्या बाबतीत ही साक्ष निर्णायक असते. मीपणाच्या बाबतीत ती ग्राह्यच धरता येत नाही. आपण चांगले आहोत असे तर त्याला उपचाराआधीही वाटतच होते. या खटल्यात साक्ष चालते ती फक्त बरोबर राहणाऱ्यांची, आणि त्यांना झोपवून काही मिळत नाही.